कापू का?

भर रस्त्यात एखाद्याची छत्री उलटी झाली की बघणाऱ्यांना हसू फुटतं आणि छत्रीवाल्याला मेल्याहून मेल्यासारखं होतं. त्या दुपारी बसथांब्याच्या कोपऱ्यावर उभी असलेली मुलगी मात्र या दोन्हींत बसणारी नव्हती. एखादी छत्री उलटली की तिचे डोळे लकाकायचे. मोक्याची जागा तिनं बरोबर हेरली होती. दोन उंच इमारतींच्या मधून वारा इथे असा घुसायचा की भल्याभल्यांच्या छत्र्यांची कमळं व्हायची, आणि पुढे चार पावलांवर कचरापेटी. माणसं छत्री एकदा सरळ करून बघत, दुसऱ्यांदा तिच्यावर ओरडत, आणि मग पेटीत कोंबून ओल्या डोक्यानं चालू लागत. ती गेली की ही पुढे व्हायची, छत्री उचलायची, पाणी झटकायची आणि काखेतल्या जुडीत खोचायची.

तेवढ्यात तो आला. मान वाकडी करून खांद्याशी फोन दाबलेला, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात गडद हिरव्या रंगाची मोठी छत्री... म्हणजे जी आत्ताच उलटली ती. त्यानं ती कचरापेटीला टेकवली आणि फोन नीट हातात धरला.

केवढी सुंदर छत्री! कडेनं पांढरी बारीक रेघ, लाकडी वाकडी मूठ, आणि कापड असं की बोटांना कळावं. तिच्यानं राहवेना.

"टाकताय ना?" तिनं विचारलं.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. "हो... हो हो!"

"नक्की?"

"अगदी नक्की!"

"थँक्यू हं!" ती मनापासून हसली. तोही हसला. मग त्यानं, फोन कानाशी धरूनच, स्वतःच्या चष्म्याला बोट लावून ते जरा तिरकं केलं आणि तिच्याकडे खूण केली. तिनं स्वतःचा चष्मा चाचपला. एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती, त्यामुळे तो नेहमीच वाकडा बसायचा. काय हा आगाऊपणा! पण तिचे कान मात्र उगीचच गरम झाले. बस आली, तो फोनवर बोलत पाठमोरा झाला होता, ती छत्रीसकट चढली आणि खिडकीतून वळून बघायचं नाही असं ठरवून तिनं दोनदा वळून बघितलं.

आता ही एवढ्या मोडक्या छत्र्यांचं करायची काय, ते सांगायला हवं. 'पाऊसपिशवी' नावाच्या ब्रँडची ती मालकीण, कारागीर, हमाल आणि जाहिरात विभाग, सगळं काही होती. दादाच्या गॅरेजमध्ये एक शिलाई मशीन, दोन बादल्या आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी. दोरीवर धुतलेली छत्र्यांची कापडं वाळत असायची आणि दादाची गाडी बिचारी बाहेर भिजत असायची. कापडाच्या पिशव्या, पाऊच, टोप्या व्हायच्या. काड्या भंगारात जायच्या.

दुकान नव्हतं. होता तो एक ऑनलाइन ग्रुप, 'टाकू नका' नावाचा. फुटक्या कपाचं काय करावं, उसवलेला स्वेटर कसा वाचवावा, जुनी इस्त्री कोण दुरुस्त करून देतं, यावर तिथे लोक तावातावानं बोलायचे. तिनं पहिल्या पिशवीचा फोटो टाकला तेव्हा वाटलं होतं, लोक डोक्यावर घेतील. त्याऐवजी 'शंकेखोर' या नावानं वावरणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलं, "पर्यावरणपूरक म्हणवता, मग पाकिटाला प्लास्टिकची चिकटपट्टी कशाला?"

ती दोन दिवस फुगून बसली. तिसऱ्या दिवशी चिकटपट्टी गेली आणि कापडाच्या उरलेल्या चिंधीची गाठ आली. मग कुणी चेनबद्दल विचारलं, आणि कुणी स्वतःच्या जुन्या पँटींच्या चेन काढून पाठवल्या. कुणी पट्टा खांद्याला रुततो म्हणालं, तर कुणी तो कसा वळवावा याचा व्हिडिओच करून पाठवला. शेवटी असं झालं की पिशवी ती शिवायची, पण घडवायचा सगळा ग्रुप. बदल्यात तिनं एक पथ्य पाळलं. प्रत्येक वस्तूबरोबर ती आधी कुठली छत्री होती आणि कुठे सापडली, याचा फोटो द्यायचा. 'आम्ही काही लपवत नाही,' असं पाऊसपिशवीच्या पानावर वरती ठळक लिहिलेलं होतं, आणि लोक त्या ओळीवर विश्वास ठेवून घेत होते.

हिरवी छत्री तिनं त्याच संध्याकाळी उसवली. त्या कापडाचे आठ त्रिकोणी तुकडे, ती त्यांना पाकळ्या म्हणायची. एवढ्या देखण्या कापडाला कात्री लावायचं तिच्या जिवावर आलं. मग तिनं प्रत्येक पाकळी अख्खीच घडी घालून, दोन शिवणी मारून, चष्मा ठेवायचा पाऊच केला. आठ पाऊच ग्रुपवर टाकले आणि ती चहा करून येईपर्यंत आठही गेले. तिचे पाय जमिनीवर ठरेनात.

ते ठरले पुढच्या आठवड्यात, जेव्हा गॅरेजच्या दारात तोच उभा राहिला. हातात एक हिरवा पाऊच.

"नमस्कार. माझं चष्म्याचं दुकान आहे, बाजाराच्या मागे. आज एक बाई चष्मा घट्ट करून घ्यायला आल्या आणि त्यांनी तो यातून काढला. तुमचा पत्ताही त्यांनीच दिला." त्यानं पाऊच वर धरला. "तासाभरासाठी उसना मागून आणलाय. ही माझी छत्री आहे."

"होती," ती म्हणाली. "तुम्ही टाकलीत ना!"

"मी टाकली नाही. टेकवली."

"मी विचारलं, टाकताय ना? तुम्ही म्हणालात, हो हो!"

"मी फोनवर बोलत होतो!"

"कुणाशी?"

"आत्याशी." त्यानं घाम पुसला. "ती विचारत होती, माझी छत्री कपाटात नीट आहे ना?"

"आणि 'अगदी नक्की' म्हणालात ते?"

"तिनं विचारलं, हात तर लावला नाहीस ना, नक्की?"

तिला हसू आवरेना. ती हसत सुटली, मशीनला धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तिचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेलं आणि हसू आपोआप ओसरलं.

तो स्टुलावर बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. त्याच्या आईवडिलांची नोकरी कायम फिरतीची, त्यामुळे तो आत्याकडेच वाढला. आत्या त्याला याच छत्रीतून शाळेत पोचवायची. छत्री नेहमी त्याच्या बाजूला झुकलेली, आणि आत्याचा डावा खांदा सगळा पावसाळा ओला. पुढे छत्री जुनी झाली, आत्यानं ती कपाटात ठेवली आणि कुणालाही द्यायची नाही असं ठरवून टाकलं. शेजारीपाजारी मागायला आले की तिचं उत्तर ठरलेलं, माणूस माग, देईन. छत्री मागू नकोस.

"सध्या ती माझ्या आत्तेबहिणीकडे आहे, बाळंतपणाला. बाळ जरा मोठं झालं की येईल. त्या दिवशी मला उशीर होत होता, पाऊस थांबेना, कपाट उघडं होतं..."

"म्हणजे तुम्हीही न विचारताच उचललीत."

"हो."

"मग मला चोर का ठरवताय?"

"मी अजून तो शब्द काढला नाही. पण सुचवलंत ते बरं केलंत." तो पहिल्यांदाच जरा हसला. मग त्याची नजर कोपऱ्यातल्या ढिगाकडे गेली. भंगारात जाणाऱ्या काड्यांमधून लाकडी वाकडी मूठ डोकावत होती. त्यानं उठून तो सांगाडा बाहेर काढला आणि नुसता हातात धरून उभा राहिला. तिनं तो त्याच्या हातून घेतला आणि भंगारापासून लांब, मशीनशेजारी ठेवला.

तो गेल्यावर वहिनी म्हणाली, "तशीच एक नवी शोध, देऊन टाक, आणि ग्रुपवर चकार शब्द काढू नकोस. लोकांना कळलं की तू माणसांच्या हातातल्या छत्र्या पळवतेस, तर संपलंच."

"हातातली नव्हती गं. टेकवलेली होती."

"लोक एवढं बारीक बघत बसतात का!"

वहिनीचं चुकीचं नव्हतं. पाऊसपिशवीकडे भांडवल असं काही नव्हतंच; होता तो लोकांचा विश्वास, आणि तो गेला तर गॅरेजमध्ये परत गाडी आली असती. पण पानावरची ती ठळक ओळ तिच्याकडे टक लावून बघत होती. शेवटी तिनं डोळे मिटून लिहून टाकलं.

"हिरव्या पाऊचची छत्री टाकलेली नव्हती. मी नीट न विचारता उचलली. चूक माझी. आठही पाकळ्या अख्ख्या आहेत, शिवण उसवली तर छत्री परत होऊ शकते. ज्यांच्याकडे पाऊच आहेत त्यांनी परत दिले तर मी दुसरं काहीही शिवून देईन. ही छत्री एका आत्याची आहे."

मग तिनं फोन पिठाच्या डब्यावर उपडा ठेवला आणि गॅरेज झाडायला घेतलं. जे आधीच झाडलेलं होतं.

पहिल्या काही प्रतिक्रिया बोचऱ्या होत्या. एक जण ग्रुप सोडून गेला आणि जाताना तसं सांगून गेला. संध्याकाळी शंकेखोरांचं उत्तर आलं. "एक पाऊच माझ्याकडे आहे. उद्या पाठवतो. आत्यांना नमस्कार. यापुढे कात्री लावण्याआधी विचारत जाल का?"

तिनं ते मनावर घेतलं. त्यानंतर उचललेल्या प्रत्येक छत्रीचा फोटो ती आधी ग्रुपवर टाकायची आणि खाली दोनच शब्द लिहायची, "कापू का?" आठवडाभर कुणी हक्क सांगितला नाही तरच कात्री. लोकांना याची अशी काही गोडी लागली की विचारू नका. "काप, काप!" "थांब, ही दुरुस्त होईल, काडी माझ्याकडे आहे!" "हिची पिशवी नको, टोपी कर!" कोण कुठली माणसं, पण एखाद्या फुलाफुलांच्या छत्रीवरून सकाळपासून भांडत बसायची. कितीतरी छत्र्या दुरुस्त होऊन परत रस्त्यावर गेल्या. वहिनी म्हणाली, अशानं तुझा कच्चा माल संपेल. पण ज्या लोकांच्या छत्र्या वाचल्या त्यांनीच मोडक्या छत्र्यांचे गठ्ठे आणून द्यायला सुरुवात केली, आणि पाऊसपिशवी कधी नव्हे इतकी जोरात चालू लागली.

आणि हिरव्या पाकळ्या एकेक करून घरी येऊ लागल्या. एकीला खडूचा वास होता. एकीत चुकून कुणाच्या घराची किल्ली राहिली होती, ती परत पाठवावी लागली. पाकळी आली की ती त्याला कळवायची, आणि दुपारी दुकान बंद करून तो टाके उसवायला यायचा. चष्म्याचे बारीक स्क्रू फिरवणारी त्याची बोटं. टाका असा अलगद निघायचा की कापडाला कळूही नये.

"चष्मा द्या इकडे," पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता. "त्या दोऱ्याकडे बघवत नाही मला."

"तो दोरा पर्यावरणपूरक आहे."

"पण नाकपूरक नाही."

त्यानं खिशातून एवढासा स्क्रू काढून बसवला, काड्या जराशा वाकवल्या आणि चष्मा स्वतःच तिच्या डोळ्यांवर चढवला. कानामागे काडी नीट बसली का हे बघताना त्याचं बोट तिच्या कानाला ओझरतं लागलं. एकदम सगळं सरळ दिसायला लागलं. त्यात सगळ्यात जवळ त्याचा चेहरा होता.

"आता कसं दिसतंय?"

"बरं... म्हणजे, स्पष्ट," ती म्हणाली आणि बादलीकडे वळली.

एक एक पाकळी ती जोडत गेली. गंमत अशी की तो भलताच चिकित्सक निघाला. भिंग डोळ्याला लावायचा, शिवण निरखायचा आणि मान हलवायचा. "केसभर वाकडी आहे."

"कुठे?"

"इथे. तुम्हाला नाही दिसायची. उसवून परत करू या. उद्या येतो."

"अहो, छत्री आहे ती! ऑपरेशन नाही!"

"आत्या भिंगाशिवाय बघते."

ती चडफडत उसवायची आणि दुसऱ्या दिवशी परत शिवायची. तिसऱ्या पाकळीची शिवण तर इतक्या वेळा उसवली की वहिनी दारातून डोकावून म्हणाली, "ही छत्री होतेय की चादर?" मधल्या काळात 'अहो'चं 'अरे' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही. तो तिला छत्रीचोर म्हणायचा, ती त्याला कपाटफोड्या म्हणायची. बाहेर पाऊस पत्र्यावर ताशा वाजवायचा, आत मशीन खडखडायचं, आणि तो आला नाही अशी एखादी दुपार आली की तिला गॅरेज उगीचच मोठं वाटायचं.

सात पाकळ्या जोडून झाल्या. सांगाड्याची वाकलेली काडी ग्रुपमधल्याच एका काकांनी सरळ करून दिली. आठवा पाऊच 'मुंगी' नावाच्या सभासदाकडे होता आणि मुंगीचा काही पत्ता नव्हता. सगळा ग्रुप हाका मारत होता.

आणि मग एका सकाळी कुरिअरनं ते पाकीट आलं. आत आठवी पाकळी, म्हणजे तिचा पाऊच. सोबत चिठ्ठी, "गावाला होते, आत्ता वाचलं. सॉरी हं!"

तिनं त्याला कळवायला फोन उचलला. मेसेज लिहिला, "आली!!" मग तिनं वर पाहिलं. दोरीवर अडकवलेली सात पाकळ्यांची छत्री, एका बाजूला रिकामी फट. ही फट भरली की काम संपलं. काम संपलं की तो छत्री घेऊन जाईल, चष्मे विकेल, दुपारी घरी जेवेल. त्याला इथे यायचं कारणच काय उरणार?

तिनं मेसेज पुसला. पाऊच बटणांच्या खणात अगदी तळाशी सारला आणि खण लावून टाकला.

दुपारी तो आला. "काही आलं?"

"नाही," ती म्हणाली. आयुष्यात एवढा छोटा शब्द एवढा जड तिला कधी लागला नव्हता.

"मिळेल. एवढी काय घाई आहे," तो म्हणाला, आणि चक्क शीळ घालत मशीनला तेल द्यायला बसला. आत्याचा यायचा दिवस जवळ येत चाललेला, आणि हा शीळ घालतोय! तिला जास्तच अपराधी वाटलं. रोज ठरवायची, आज सांगायचं. रोज तो काहीतरी बोलून हसवायचा आणि ते राहून जायचं.

मग मुंगीनंच घात केला. ग्रुपवर सगळ्यांदेखत तिनं विचारलं, "माझा पाऊच केव्हाच पोचलाय असं कुरिअरवाले म्हणतात. मग छत्री अजून पूर्ण का होत नाही? सगळं ठीक ना?"

खाली प्रश्नांची रांगच लागली. पोचला? केव्हा? हरवला का? कुणीतरी लिहिलं, 'आम्ही काही लपवत नाही' हे खरं ना? वहिनीनं ते सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मग नणंदेकडे बघून हळूच म्हणाली, "अगंबाई. तूच लपवलास?"

तिनं मान डोलावली. धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं. तोही आता त्या ग्रुपवर होता, केव्हाही वाचेल. कुरिअरवाल्याच्या नावावर खपवणं सोपं होतं. पण मग ती ओळ पानावरून पुसावी लागली असती, आणि त्याच्यासमोर जन्मभर नजर चुकवावी लागली असती. तिनं चष्मा वर सारला. तो आता सारावा लागत नव्हता, पण सवय.

"पाऊच पोचला होता," तिनं लिहिलं. "मी लपवला. शेवटची पाकळी लागली की छत्री पूर्ण होईल, आणि जो रोज दुपारी टाके उसवायला येतो तो यायचा थांबेल. मला तो थांबायला नको आहे. हे त्याला सांगायच्या आधी तुम्हाला सांगतेय, कारण तुमच्यापासून काही लपवायचं नाही असा शब्द दिलाय. त्याची आणि आत्यांची माफी मागते. छत्री आज पूर्ण करते."

या वेळी गॅरेज झाडायचंही तिला सुचलं नाही. तिनं खण उघडला, पाऊच काढला आणि त्याच्या शिवणीवर सुई टेकवून बसून राहिली. फोन टेबलावर थरथरत होता, थांबायचं नाव घेत नव्हता.

तो आला तेव्हा दुपार व्हायची होती. धावत आला असावा. केस ओले, चष्म्यावर थेंब, आणि दुकानाचा पांढरा कोट तसाच अंगात.

"दुकान?" तिनं विचारलं.

"उघडंच टाकून आलोय. एक आजोबा खुर्चीवर बसून अक्षरं वाचतायत. वाचू देत." त्यानं श्वास घेतला. "वाचलं मी."

"मी चुकले. पहिल्यांदा न विचारता उचललं, आता न सांगता ठेवलं..."

"तिसरी पाकळी आठवते?"

"कुठली?"

"जिची शिवण पुन्हा पुन्हा उसवायला लावली मी."

"केसभर वाकडी होती ती."

"नव्हती." तो चष्मा काढून पुसायला लागला, त्यामुळे त्याला ती दिसत नव्हती आणि बोलणं सोपं जात असावं. "सरळ होती. पहिल्यांदाच सरळ होती. पाचवीसुद्धा. सहावी तर इतकी सरळ होती की मला खोटं बोलताना लाज वाटली."

"मी रात्री स्वप्नात शिवण मारत होते रे!"

"सॉरी."

"बोटं दुखली माझी!"

"माहितीये. म्हणून तर मशीनला तेल देत होतो."

आता हसावं की सुई टोचावी हे तिला ठरवता येईना. त्यानं चष्मा परत चढवला आणि तिच्याकडे सरळ पाहिलं. "मला आवडतेस तू. कोपऱ्यावर उभी राहून दुसऱ्यांची छत्री उलटायची वाट बघत होतीस ना, तेव्हापासून. फोनवर काय बोलतोय तिकडेही धड लक्ष नव्हतं माझं... नाहीतर छत्री अशी टेकवून ठेवली असती का?"

"म्हणजे चूक तुझीच," ती म्हणाली. आवाज जरा भिजलेलाच आला.

"बरं, माझी. आता ती आठवी दे इकडे."

त्यानं टाके उसवले, तिनं पाकळी जोडली. दोघांनी मिळून शिवणींवरून मेणबत्ती घासली, सुईच्या भोकांतून पाणी येऊ नये म्हणून. शेवटची शिवण त्यानं भिंगातून बघितली.

"कशी आहे?"

"केसभर..."

"बोल, बोल. सुई माझ्या हातात आहे."

"...केसभरसुद्धा वाकडी नाही."

आत्या दोन दिवसांनी आली. बुटकी, ताठ, आणि आल्या आल्या पंख्यावरची धूळ टिपणारी. या दोघांनी छत्री पुढे ठेवली आणि त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. आत्या ऐकत होती की नाही कळायला मार्ग नव्हता. तिनं छत्री उघडली, फिरवली, एकेका शिवणीवरून नख फिरवलं.

"चला अंगणात," ती म्हणाली. "दोघंही. छत्री घेऊन उभे राहा, गच्चीच्या खाली."

"आत्या, ऊन पडलंय!"

"म्हणूनच."

दोघं उभे राहिले. छत्री त्याच्या हातात. वरून आत्यानं कठड्यावर बादली ठेवली आणि सगळीच्या सगळी उपडी केली. पाणी धबाधबा आदळलं, हिरव्या कापडावरून आठही बाजूंनी घरंगळलं, आणि आतल्या त्या ओलसर हिरव्या उजेडात ती त्याला चिकटून, श्वास धरून उभी राहिली. वर पाहिलं. एक थेंबही नाही. मेण राहिलं होतं, शिवणी राहिल्या होत्या. तिनं सुटकेचा असा काही निःश्वास सोडला की त्याला हसू आलं.

आत्या खाली आली. आधी छत्री बघितली, मग तिला. ती नखशिखांत कोरडी होती. मग आत्याची नजर भाच्याच्या डाव्या खांद्यावर थांबली. शर्ट चिंब होऊन अंगाला चिकटला होता.

"शिवण तर गळत नाही," आत्या म्हणाली. "मग हा खांदा कसा भिजला?"

तो म्हणाला, "छत्री... जरा झुकली असेल तिकडे."

आत्या त्या ओल्या खांद्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिचा चेहरा मऊ होत गेला, आणि तो तसा झालेला कुणी बघू नये म्हणून तिनं छत्रीच मिटायला घेतली. मिटून, झटकून, काखेत मारली.

"लेक रोज वाचून दाखवायची तुमचं ते ग्रुपवरचं सगळं," ती म्हणाली. "बाळाला पाजताना. मला सगळं ठाऊक आहे, खणातलं धरून." छत्रीचोराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "छत्री चांगली शिवलीस. पण ती मिळायची नाही हं तुला. ती माझी."

"नको आत्या," ती म्हणाली. मग तिला काय वाटलं कोण जाणे. कोपऱ्यावरच्या त्या दुपारचा सगळा वारा अंगात आल्यासारखी ती हसली आणि शेजारच्या ओल्या माणसाकडे बोट करून तिनं विचारलं, "पण हा... हा टाकताय ना?"

आत्यानं भाच्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, थेट शिवण तपासावी तसं. आधी केस, मग वाकडी कॉलर, मग तो खांदा.

"माणूस मागितला की मी कधी नाही म्हटलंय का?" ती म्हणाली आणि छत्री घेऊन घरात निघाली. उंबऱ्याशी मात्र वळली.

"ने. पण कापू नकोस."